लेकरू निजलंय, पण घरात कोण आहे?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत प्रभाग समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या सख्यांना सभेला येता आलं नाही त्यांनाही तो मिळावा आणि गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचता यावा, म्हणून छापत आहोत.)

 

आज मी बचतीवर, कर्जावर, परतफेडीवर बोलणार नाही. आजचा विषय एका वाक्याचा आहे. ते वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय आणि बऱ्याच जणींनी म्हटलंही असेल : "लेकरू निजलंय, कडी लावून पटकन जाऊन येते."

टँकर आला की हे वाक्य ऐकू येतं. दळण टाकायला जाताना ऐकू येतं. रेशनच्या दुकानात अंगठा द्यायला जाताना ऐकू येतं. आपल्या गटाच्या बैठकीतही ऐकू येतं. बाई येते, बचत देते, सही करते आणि उठते. "बस की गं," म्हटलं तर म्हणते, "नको, लेकरू एकटंच आहे घरात."

आता तुम्ही म्हणाल, या मॅडमचं लग्न झालं नाही, लेकरू नाही, हिला काय कळतंय? बरोबर आहे. लेकरू कसं वाढवायचं ते मी तुम्हाला शिकवायला आले नाही. तुम्ही दोन-दोन, चार-चार लेकरं वाढवलीत, तीही कामं करून. पण मी रोज दहा घरांच्या उंबऱ्यावर जाते. एका घरात जे दिसतं ते दहा घरांत दिसलं, की ती एका बाईची अडचण राहत नाही, गावाची होते. म्हणून हा विषय गटात आला पाहिजे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. तान्हं लेकरू, रांगतं लेकरू, नुकतं चालायला लागलेलं लेकरू झोपलेलं असलं तरी घरात एकटं ठेवायचं नाही. दहा मिनिटंसुद्धा नाही. पण एवढं सांगून मी खाली बसले, तर ते भाषण नव्हे, नुसतं बोलणं लावणं झालं. बाईला 'एकटं ठेवू नको' म्हणायचं आणि 'मग कुणाजवळ ठेवू' याचं उत्तर द्यायचं नाही, हे आजवर सगळ्यांनीच केलंय. आपण तसं करायचं नाही.

हिरकणीची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. रायगडाच्या पायथ्याची गवळण. कोजागरीच्या दिवशी गडावर दूध घालायला गेली. दिवस मावळला, गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हं लेकरू. पहारेकरी दार उघडेनात, तेव्हा ती रात्रीच्या वेळी कडा उतरून घरी गेली. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी साडीचोळी देऊन तिचा मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. रायगडावर तो हिरकणी बुरूज आजही दाखवतात. एसटीच्या गाडीला हिरकणीचं नाव आहे, स्टँडवर लेकराला पाजायला जी खोली असते तिलाही हिरकणी कक्षच म्हणतात.

ही गोष्ट आपण धाडसाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मला तिच्यात आणखी दोन गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे, हिरकणी घरून निघाली ती रात्रभर गडावर अडकायला निघाली नव्हती. रोजची वाट, रोजचं काम. तीही 'आत्ता येते' असंच म्हणून निघाली असणार. दरवाजा तिला अडवायला कुणी मुद्दाम लावला नाही. त्याची वेळ झाली, तो बंद झाला. आपल्या 'आत्ता येते'चंही असंच होतं. टँकर आला म्हणून निघालो, तर पाइप एकच आणि पुढे तीस हंडे. गिरणीवर गेलो, तर आपला नंबर आला आणि लाईट गेली. रेशनला गेलो, तर मशीनला नेटवर्क नाही, आणि आलं तर कापूस वेचून, भांडी घासून झिजलेला अंगठा उमटत नाही. दहा मिनिटं आपल्या हातात असतात, असं आपल्याला वाटतं. ती टँकरवाल्याच्या, गिरणीवाल्याच्या आणि लाईटच्या हातात असतात.

दुसरी गोष्ट. आपण ऐकतो त्या गोष्टीत महाराज हिरकणीला असं विचारत नाहीत, की लेकरू टाकून आलीसच कशी? ते तिला बोल लावत नाहीत. ते कड्याची व्यवस्था करतात. मला वाटतं आपल्या गटानंही तेच करावं. बाईला बोल लावायचा नाही, आणि कड्याकडे काणाडोळाही करायचा नाही.

आता कडा म्हणजे काय ते जरा बघू. झोपलेल्या लेकराला एकट्या घरात काय होणार, असं वाटतं. तर ते वयाप्रमाणं वेगवेगळं असतं.

पहिल्या तीन-चार महिन्यांत लेकराला मान नीट धरता येत नाही. तोंडावर गोधडी आली तर हातानं बाजूला करता येत नाही. दूध पाजून लगेच निजवलं आणि उलटी झाली, तर ती नाकातोंडात जाऊ शकते. आई जवळ असली की लेकराला नुसतं कुशीवर घेते, तोंड पुसते, संपलं. दोन सेकंदांचं काम. पण ते करायला कुणीतरी असावं लागतं. म्हणून एक सवय लावून घ्या. लेकराला उताणं निजवायचं, तोंडाजवळ जाड पांघरूण, उशी, लुगड्याचा बोळा ठेवायचा नाही. हे तुम्ही घरात असतानाही करायचं.

चार-पाच महिन्यांचं झालं की लेकरू पालथं पडायला लागतं. कोणत्या दिवशी पहिल्यांदा पालथं पडेल ते सांगून येत नाही. काल खाटेवर जागचं हललं नाही, आज खाटेखाली असतं. झोळीतलं लेकरू मोठं झालं, उठून बसायला लागलं, की झोळीतून डोकं बाहेर काढतं आणि तिथंच गळ्याला कापड अडकू शकतं. झोळी वाईट नाही. आपण सगळे झोळीतच वाढलो. पण झोळीच्या आवाक्यात मोठं माणूस असायचं, हे आपण विसरतो.

सात-आठ महिन्यांपासून लेकरू रांगतं. झोपेतून उठलेलं लेकरू आधी आईला हाक मारतं, मग आईला शोधायला निघतं. शोधताना वाटेत चूल असते, तिच्यात राखेखाली विस्तव असतो. आपल्याकडं पाणी चार-चार, आठ-आठ दिवसांनी येतं, म्हणून घरात ड्रम, बादल्या, टोप भरून ठेवलेले असतात. रांगत्या लेकराचं डोकं जड असतं. बादलीच्या काठाला धरून आत वाकलं आणि तोल गेला, तर त्याला परत वर येता येत नाही. त्याला विहीर लागत नाही, बादलीच्या तळाचं थोडं पाणी पुरतं. आणि बुडणारं लेकरू ओरडत नाही, कारण तोंड पाण्यात असतं. शेजारणीला काही ऐकू येत नाही.

शिवाय उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या घरात दुपारी काय होतं ते वेगळं सांगायला नको. दार बंद, पंखा बंद, लाईट गेलेली. मोठ्या माणसाचा जीव घाबरतो. लेकराच्या अंगातलं पाणी तर आपल्यापेक्षा लवकर आटतं.

आणि कुलूप. कुलूप लावलं की लेकरू सुरक्षित, असं वाटतं. कुत्रं आत येणार नाही हे खरं. पण आत काही झालं तर शेजारीणही आत जाऊ शकत नाही. किल्ली तुमच्या कमरेला आणि तुम्ही टँकरच्या रांगेत.

आता नवीन पोरींनी एक युक्ती काढलीय. एक मोबाईल लेकराजवळ चालू ठेवायचा, दुसरा आपल्या कानाला लावायचा. लेकरू रडलं की ऐकू येतं. डोकं चांगलं लावलंय, खोटं नाही. पण गिरणीपाशी नेटवर्क जातं. आणि समजा ऐकू आलं, तर तुम्ही पोचणार कधी? म्हणून मी दोन प्रश्नांची चाळणी सांगते. बाहेर पाय टाकताना स्वतःला विचारा. एक, लेकरू कुरकुरलं तर मला माझ्या कानानं ऐकू येईल का? दोन, ऐकू आल्यावर हातातलं टाकून, वीस पावलांत मी त्याच्याजवळ पोचेन का? दोन्हीला 'हो' असेल तर तुम्ही घरीच आहात. दार उघडं ठेवून अंगणात भांडी घासताय, लगतच्या गोठ्यात धार काढताय, मधूनमधून डोकावताय, तर ते एकटं ठेवणं नाही. पण एकाचंही उत्तर 'नाही' आलं, तर लेकराजवळ माणूस पाहिजे.

यावर एका बैठकीत एक ताई पटकन म्हणाल्या, "माणूस कुठून आणू मॅडम? सासू गेली, जाऊ वेगळी राहते, मालक सकाळीच कंपनीत जातो. पाणी काय माझ्यासाठी थांबतंय का?" त्या ताई खोटं बोलत नव्हत्या. पूर्वी वाड्यात आजी होती, चुलती होती, न बोलावता लेकरावर चार डोळे असायचे. आता एकेका घरात एकेकच बाई आहे आणि तिच्यावर घरही आहे, वावरही आहे. म्हणून तिला तीन वाटा दिसतात. लेकरू एकटं ठेवणं ही एक झाली. उरलेल्या दोन त्याहून बऱ्या वाटतात, पण त्यांची किंमतही बघून घ्या.

त्यातली पहिली वाट म्हणजे लेकराला गाढ झोपवून जाणं. ही फार जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या लेकरांना अफूची गोळी द्यायच्या. बाळागोळी म्हणायचे तिला. पाळी होईपर्यंत लेकरू उठायचं नाही. त्या आया दुष्ट नव्हत्या. गिरणीचा भोंगा झाला की आत जावं लागायचं आणि लेकरू ठेवायला जागा नव्हती. ती लेकरं सुस्त व्हायची, नीट प्यायची नाहीत, खंगायची. पुढं कायदा झाला. 1948 च्या कारखाना कायद्यानं 50 पेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथं पाळणाघर ठेवणं मालकाला बंधनकारक केलं. 1976 मध्ये ती संख्या 30 वर आणली. म्हणजे गोळीवरचा उपाय आईला रागावणं हा नव्हता, पाळणाघर हा होता. आज अफू गेली, पण सर्दीचं औषध पाजलं की लेकरू छान झोपतं, हे आपल्याकडं एकमेकींना सांगितलं जातं. कृपा करून तसं करू नका. झोप येण्यासाठी म्हणून कुठलंच औषध तान्ह्या लेकराला द्यायचं नाही. त्यानं श्वास मंदावू शकतो. औषध डॉक्टरांनी सांगितलं तरच, आणि सांगितलं तेवढंच.

दुसरी वाट म्हणजे मोठी बहीण. सात-आठ वर्षांची पोरगी. "ती बघती ना भावाला." ती बघते, मायेनं बघते. पण उलटी अडकली तर काय करायचं ते तिला ठाऊक नाही. लेकरू बादलीत वाकलं तर त्याला उचलायची ताकद तिच्या अंगात नाही. आणि काही झालं तर जन्मभर ते तिच्या मनावर राहतं. मी दहाव्या वर्षी भावाला नीट सांभाळलं नाही, असं ओझं कुठल्याच पोरीवर टाकायचं नाही. शिवाय ती त्या वेळी शाळेत पाहिजे. कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवाळीच्या पुढं-मागं, आपल्या सिल्लोड, कन्नड, पैठणकडच्या शाळांत जाऊन बघा. हजेरीपटावर गैरहजेरी पोरींची दिसते. पोरगी घरी का, तर लेकरू सांभाळायला.

हा प्रश्न महाराष्ट्रात एका बाईनं फार पूर्वी ओळखला होता. ताराबाई मोडक. 1945 साली त्यांनी बोर्डीला, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यात, ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढं ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुली शाळेत येईनात. त्यांना शाळा नको होती असं नाही, त्यांच्या कडेवर भावंडं होती. मग या दोघींनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. विकासवाडी म्हणायचे त्याला. तान्हं लेकरू पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि मोठी बहीण वर्गात. अंगणात भरणाऱ्या बालवाडीला अंगणवाडी म्हणायला सुरुवात झाली तीही त्यांच्याच कामातून. आज गावोगाव अंगणवाडी आहे, पण तिथं रोज बसतात ती तीन वर्षांवरची मुलं. तान्ह्या लेकराला वजन, लस, घरी न्यायचा आहार मिळतो. दिवसभर त्याला कुणी ठेवून घेत नाही. ती जागा रिकामीच राहिलीय.

ती जागा आपल्याला भरायची आहे. कशी, ते सांगते. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, मोजणी करा. प्रत्येक गटाच्या रजिस्टरमध्ये एक पान काढा. आपल्या गटात कुणाकुणाच्या घरी तीन वर्षांच्या आतलं लेकरू आहे आणि ती बाई कोणत्या वेळी अडकते, पाण्याला, दळणाला की वावरात, एवढंच लिहा. बारा जणींच्या गटात अशा दोन-तीनच निघतील. दोन-तीन लेकरांची सोय बारा बायकांना जड नाही.

दुसरी, जोडी लावा. शेजारशेजारच्या दोन किंवा तीन घरांची जोडी. आज मी तुझं धरते, उद्या तू माझं धर. याला उपकार म्हणायचं नाही. आपण गटात पैसा फिरवतो तसा हा वेळ फिरवायचा. पण एक नियम कडक पाळायचा. लेकरू हातातून हातात द्यायचं. ओसरीवरून "मावशे, लक्ष ठेव गं" असं ओरडून जायचं नाही. मावशी चुलीपाशी असते, तिनं ऐकलेलंच नसतं. तुम्हाला वाटतं सांगितलं, तिला वाटतं कुणीतरी काहीतरी बोललं, आणि लेकरू दोघींच्या मधे एकटंच असतं. देताना तीन गोष्टी सांगायच्या : कधी पाजलंय, मी कुठं चाललेय, किती वाजता येईन. उशीर झाला तर फोन करायचा.

तिसरी, टँकरचा ठराव करा. ग्रामसंघाच्या बैठकीत लिहून घ्या, की तान्हं लेकरू असलेल्या बाईचे हंडे आधी भरायचे, नाहीतर जोडीदारणीनं भरून आणून द्यायचे. आता कुणी म्हणेल, मग सगळ्याच लेकरं दाखवतील! दाखवू द्या. आपल्या रजिस्टरमध्ये यादी आहे ना?

चौथी, आपली बैठक. बाई लेकराला एकटं ठेवून गटाच्या बैठकीला येत असेल, तर चूक बैठकीची आहे. बैठक अशा वेळी आणि अशा जागी घ्या, की लेकरू आणता येईल. कोपऱ्यात एक सतरंजी टाका, एका आजीला तिथं बसवा. लेकरू रडलं, तर दोन मिनिटं बैठक थांबेल. हिशोब काही पळून जात नाही.

पाचवी गोष्ट मोठी आहे. वेचणीच्या हंगामात पाळणाघर. सकाळी नऊ ते दुपारपर्यंत, बायका रानात असतात तेवढ्या वेळापुरतं. समजा सहा आया आहेत आणि सांभाळणाऱ्या बाईला दिवसाला 300 रुपये द्यायचं ठरलं, तर एकीच्या वाट्याला 50 रुपये येतात. आकडा तुमच्या गावच्या मजुरीप्रमाणं तुम्ही ठरवा. पण फुकट सांभाळ म्हणू नका. सांभाळणं हे काम आहे, कामाला मोल पाहिजे. एकीच्या अंगावर दहा-बारा लेकरं टाकू नका, सोबत दुसरी बाई द्या. खोलीत चूल, भरलेली बादली, फवारणीचे डबे नकोत. दाराला आडवी फळी लावा. अंगणवाडी ताई आणि आशा ताईंचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, सोबत 108. रानात लेकरू न्यावंच लागलं, तर त्या दिवशी फवारणी कुठं आहे ते आधी विचारा आणि झोळी त्या बाजूला बांधू नका.

हे होणारं नाही, असं वाटतंय का? बांगलादेशात झालंय. तिथं घरोघर दारात तळी आहेत आणि फार लेकरं बुडून जायची. अभ्यास केला तेव्हा दिसलं, की आया स्वयंपाकात, कामात असायच्या त्या सकाळच्या वेळीच जास्त लेकरं बुडतात. मग गावातल्याच एका बाईच्या घरी सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत एक ते पाच वर्षांची लेकरं सांभाळायला सुरुवात केली. नाव ठेवलं आंचल, म्हणजे आपला पदर. जी लेकरं तिथं जायची त्यांच्यात बुडून मरण्याचं प्रमाण खूपच खाली आलं. आज जागतिक आरोग्य संघटनाही हाच उपाय सांगते : लहान लेकरं बुडू नयेत म्हणून त्यांना सांभाळायची सोय करा. ती सोय आपल्यासारख्याच गावातल्या बायकांनी आपल्या ओसरीवर चालवली.

सहावी गोष्ट, मागणी. सगळं आपणच करायचं असं नाही. 1972 च्या दुष्काळात तुमच्यातल्या काही आज्यांनी खडी फोडलीय. तेव्हा लेकरू कुठं होतं? बाभळीखाली झोळीत, उन्हात. तेच दिवस बघून पुढं नियम झाले. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद केली गेली, की कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यातल्या एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. गावात काम निघालं की ग्रामरोजगार सेवकाला हे विचारा. दुसरं, मिशन शक्तीमध्ये पाळणा नावाची योजना आहे. अंगणवाडीलाच जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी पाळणाघर चालवायचं, अशी. ग्रामसभेत ठराव मांडा आणि ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात तो लिहून घ्या. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. आपण गटवाल्या बायका आहोत, आपल्याला इतिवृत्त लिहिता येतं.

आणि सातवी गोष्ट, पुरुष. मी आत्तापर्यंत सासू, जाऊ, शेजारीण, मावशी सगळ्यांची नावं घेतली. बापाचं घेतलं का? पारावर, पानटपरीवर संध्याकाळी चार-चार माणसं बसलेली असतात. टँकर आला की बाई पळते आणि ते बघतात. त्यातल्या एकाच्या मांडीवर लेकरू दिलं, तर काय बिघडतं? (सभेत हशा.) हसू नका, घरी जाऊन सांगा. "हंडा तू आण, नाहीतर लेकरू तू धर." दोन्हीतलं एक त्यानं निवडायचं.

कायद्याचं कुणीतरी विचारेलच. लेकराला किती मिनिटं एकटं ठेवलेलं चालतं, असा आकडा आपल्या कायद्यात नाही. पण 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 75 प्रमाणं, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं जाणूनबुजून असं दुर्लक्ष केलं की मुलाला त्रास व्हावा, तर तो गुन्हा आहे. हे मी भीती घालायला सांगत नाही. पाण्याला गेलेली आई आणि लेकराला वाऱ्यावर सोडणारं माणूस एक नव्हे. शेजारी लेकरू एकटं रडतंय असं दिसलं, तर पहिल्यांदा दार वाजवा, लेकराला उचला, आई आल्यावर तिला पाणी द्या आणि विचारा, "उद्यापासून माझ्याकडं ठेवतेस का?" मात्र एखादं लेकरू रोजच उपाशी, मार खाल्लेलं, टाकून दिलेलं दिसत असेल, तर गप्प बसू नका. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे.

आणि कधी असा दिवस येतोच, की जोडीदारीण गावाला गेलीय, आजी आजारी आहे, बाप कामावर आहे. मग काय? मग लेकरू सोबत घ्यायचं. जुन्या लुगड्यानं, ओढणीनं पोटाशी घट्ट बांधायचं, नाक-तोंड मोकळं राहील असं. एक हंडा कमी आणायचा. दळण उद्या टाकायचं. झोपलेलं लेकरू उठवायचं जिवावर येतं, हे मी बघितलंय. दिवसभरात तेवढीच घटकाभर बाईला मोकळी मिळते आणि त्याच घटकेत तिला सगळी कामं उरकायची असतात. पण मोडलेली झोप तासाभरात भरून निघते.

आपल्या दशसूत्रीत बचत आहे, परतफेड आहे, तसं आरोग्य आहे आणि शिक्षणही आहे. लेकराजवळ माणूस असणं हे आरोग्यात येतं, आणि त्यासाठी पोरीला शाळेतून घरी न बसवणं हे शिक्षणात येतं. म्हणजे हा विषय आपल्या कामाबाहेरचा नाही.

माझी विनंती एवढीच. पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटानं तीन ओळी इतिवृत्तात लिहून आणायच्या : आपल्या गटात तीन वर्षांच्या आतली लेकरं किती, कुणाची जोडी कुणाशी लावली, आणि टँकरचा ठराव झाला की नाही. ज्या गटाकडं यादी आहे पण जोडी लागत नाही, त्यांनी मला सांगा, मी त्या वस्तीवर येते, आपण घरोघर बसून लावू. वेचणी सुरू व्हायच्या आधी एका तरी गावात हंगामी पाळणाघर उभं राहावं, अशी माझी इच्छा आहे. कोणतं गाव आधी हात वर करतं ते मला आज जायच्या आधी सांगा. वही घेऊन मी दारापाशीच बसलेय.